लॅसिकला तीन वर्षं झाली, मग आता डोळ्यात बुरशी कुठून आली?

या महिन्यात डोळ्यांबद्दल आलेल्या प्रश्नांमधे लॅसिकचेच, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनचेच प्रश्न जास्त आहेत. पहिला प्रश्न मुद्दाम सविस्तर घेतलाय, कारण त्यात जे घडलं ते आपल्या विदर्भात कुणाच्याही घरी घडू शकतं.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही मानेवाड्याला राहतो, मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत आणि काटोलजवळ सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी जातात. तीन वर्षांपूर्वी त्यांचं लॅसिक झालं, तेव्हापासून चष्मा नाही, एकदम क्लिअर दिसत होतं. दिवाळीच्या आसपास बागेत संत्री तोडताना एक फांदी डोळ्याला लागली, पाणी आलं, थोडं लाल झालं, यांनी पाण्याचे सपकारे मारले आणि परत कामाला लागले. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून ड्रॉप आणला, त्याने चार-पाच दिवस खूपच बरं वाटलं म्हणून आम्ही निश्चिंत झालो, आणि मग हळूहळू धूसर दिसायला लागलं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. आता डॉक्टर म्हणून राहिले की फंगल इन्फेक्शन आहे, फ्लॅप उचलून आत साफ करावं लागेल, कदाचित फ्लॅप काढूनही टाकावा लागेल. मला काहीच समजून नाही राहिलं. तीन वर्षांनी असं काहून झालं? लॅसिकच चुकीचं झालं होतं का? आणि फ्लॅप काढला तर डोळा राहील ना?

उत्तर: ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण जीव तिथेच अडकला असणार. फ्लॅप म्हणजे लॅसिकच्या वेळी कापून परत बसवलेला बुबुळाचा वरचा थर, तो काढणं म्हणजे डोळा काढणं नाही. बुबुळाची (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची) जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 520 ते 550 मायक्रॉनच्या आसपास, आणि त्यातला लॅसिकचा फ्लॅप बहुतेक वेळा 100-120 मायक्रॉनचा. तो काढावा लागला तरी खालचं बुबुळ जागेवरच असतं आणि त्यावर सालीसारखा पातळ पापुद्रा पुन्हा वाढून येतो (फ्लॅप मात्र परत येत नाही). नजर पूर्वीसारखी एकदम तशीच राहील असं मी म्हणणार नाही, नंबर येऊ शकतो, पृष्ठभाग खडबडीत झाला तर नंतर हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स लागू शकते, पण आत्ता पहिलं काम बुरशीला थांबवायचं आहे आणि त्यासाठी तुमचे डॉक्टर जे सांगताहेत ते योग्य दिशेचं आहे. घाबरून तिथून पेशंट हलवू नका, आणि दुसरं मत घ्यायचंच असेल तर उद्याच्या उद्या घ्या, आठवडा घालवू नका.

आता तीन वर्षांनी असं का. लॅसिकमधे बुबुळाचा वरचा पातळ थर गोल कापतात, पण एका बाजूला जोडलेला ठेवतात, वहीचं पान एका बाजूने शिवलेलं असतं तसा, मग तो उलटवून खालच्या भागावर लेझर मारतात आणि थर परत जागेवर बसवतात. टाके नसतात. कडेने तो बऱ्यापैकी धरतो पण मधल्या भागात आधीसारखा एकजीव कधीच होत नाही. लॅसिक झालेल्या, मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांवर 2005 मधे एक अभ्यास झाला होता, त्यात फ्लॅपच्या कडेची ताकद मूळच्या साधारण 28 टक्के आणि मधल्या भागाची 3 टक्क्यांच्याही आत निघाली. म्हणूनच मार लागून दहा वर्षांनंतरही फ्लॅप सरकल्याच्या केसेस मेडिकल जर्नल्समधे नोंदल्या गेल्यात. रोजच्या आयुष्यात याचा काही त्रास होत नाही, लाखो लोक लॅसिक करून मजेत फिरतात, झोपेत उशीवर तोंड दाबलं म्हणून फ्लॅप निघत नाही, पण फांदी, नख, बॉल असं काही थेट बुबुळावर बसलं तर त्या डोळ्यात आत शिरायला एक तयार फट असते. साध्या डोळ्यात जंतू वरून आत खोदत जातो, लॅसिकच्या डोळ्यात तो फ्लॅपच्या कडेवरून सरळ दोन थरांच्या मधे पोचू शकतो. आणि एकदा तिथे पोचला की वरून टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून फ्लॅप उचलायचं सांगून राहिले.

लॅसिक चुकीचं झालं होतं का, तर तुमच्या पत्रावरून तरी तसं वाटत नाही. तीन वर्षं नजर स्वच्छ होती, इन्फेक्शन फांदी लागल्यानंतर आलंय. ऑपरेशनशी थेट जोडलेलं इन्फेक्शन बहुतेक लवकर दिसतं, पहिल्या आठवडा-दहा दिवसांत आलं तर बहुधा साधे बॅक्टेरिया असतात, दोन आठवड्यांनंतर ते दोन-तीन महिन्यांत आलं तर बुरशी किंवा टीबीच्या जातकुळीतले जंतू असू शकतात. आणि हे सगळं धरूनही लॅसिकनंतरचं इन्फेक्शन मोठ्या अभ्यासांमधे हजारात एकाच्याही खाली आहे. तुमच्या मिस्टरांचा प्रकार मला उशिरा लागलेल्या माराचा वाटतो, लॅसिकमुळे त्याला आत जायला वाट मिळाली एवढंच.

आणि बुरशी का, तर फांदी होती म्हणून. झाडपाला, काडी, कुसळ, माती यावर फ्युजेरियम आणि अॅस्परजिलस या बुरश्या असतातच, आणि भारतात बुरशीमुळे बुबुळावर होणाऱ्या जखमेमागे, म्हणजे अल्सरमागे, जास्त करून याच दोन असतात. संत्र्याच्या फांदीला काटे असतात हे तुम्हाला सांगायला नको. सोयाबीनची सोंगणी, थ्रेशरमधून उडणारा भुसा, भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी, या सिझनला डोळ्याचे अल्सर वाढतात हे इथल्या कुठल्याही डोळ्यांच्या ओपीडीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे.

आता त्या ड्रॉपबद्दल, आणि ताई हे मी कळकळीने लिहितेय. नाव तुम्ही लिहिलं नाही पण ‘चार-पाच दिवस खूपच बरं वाटलं आणि मग बिघडलं’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की तो स्टिरॉइड असलेला ड्रॉप असण्याची शक्यता मला फार वाटते. अँटिबायोटिक अधिक स्टिरॉइड अशी जोडी एकाच बाटलीत मिळते. स्टिरॉइड लाली कमी करतं, ठणका कमी करतं, डोळा पांढरा दिसायला लागतो, म्हणजे शरीर जी लढाई करत होतं ती थांबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. घरच्यांना वाटतं डोळा सुधारतोय आणि आत ती खोल जात असते. घरात तो ड्रॉप अजून असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा, बाटलीवरचं बारीक नाव त्यांना वाचू द्या, फेकून देऊ नका. कुणावर चिडायला नाही, पुढचं औषध ठरवायला ते लागतं.

पुढे काय होईल ते सांगते म्हणजे धास्ती कमी होईल. फ्लॅप उचलून खालचा भाग हलक्या हाताने खरवडतात, ते थोडंसं मटेरियल काचेच्या स्लाइडवर घेऊन त्यावर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे असले तर ते त्याच दिवशी दिसू शकतात. उरलेलं कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला जातं आणि त्याच्या रिपोर्टला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून रिपोर्टची वाट बघत औषध थांबवत नाहीत. मग नॅटामायसिन 5 टक्के, हे डोळ्यातल्या अशा बुरशीसाठी पहिलं औषध. 2013 मधे दक्षिण भारतातल्या अल्सरच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या ट्रायलमधे नॅटामायसिनची तुलना महागड्या व्होरिकोनाझोलशी केली होती आणि नॅटामायसिन सरस ठरलं, फ्युजेरियममधे तर जास्तच. म्हणजे ‘भारी औषध का नाही दिलं’ असं डॉक्टरांना विचारायची गरज नाही. पण नॅटामायसिन खोलवर मुरत नाही, त्यामुळे तुमच्या केसमधे फ्लॅपखाली धुणं किंवा सुईने बुबुळात व्होरिकोनाझोल देणं हे सोबत लागू शकतं.

ड्रॉप सुरुवातीला दर तासाला असतो, रात्रीही. इथेच घरची माणसं थकतात. बाटली प्रत्येक वेळी नीट हलवा, कारण ते औषध खाली बसतं आणि न हलवता टाकलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. पापण्यांवर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा साका जमेल, तो पू नाही, औषधच आहे, उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने पापणी बाहेरून पुसा, डोळ्याच्या आत हात घालू नका. दोन ड्रॉप असतील तर मधे पाच मिनिटं सोडा. बुरशीची ट्रीटमेंट सहा आठवडे किंवा जास्तही चालते आणि पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, ठिपका आहे तेवढाच राहणं हीसुद्धा तेव्हा चांगली बातमी असते. ठिपक्याची कडा आधी धूसर, फाटकी असते, ती गोलसर आणि रेखीव व्हायला लागली की डॉक्टरांना बरं वाटतं. उलट ठिपका मोठा होणं, शेजारी नवे छोटे ठिपके येणं, बुबुळाच्या मागे खाली पांढरी रेष साचणं, अचानक गरम पाणी वाहून आल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघू नका, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. औषधाने आवरलंच नाही तर बुबुळ बदलायचं ऑपरेशन असतं, तो शेवटचा मार्ग आहे पण मार्ग आहे. मिस्टरांना सांगा तंबाखू-चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नाही आणि ट्रीटमेंट संपेपर्यंत बागेत जायचं नाही, संत्री कुणीही तोडेल.

प्रश्न: मॅडम, मी 23 वर्षांची आहे, माझं लग्न 10 मे ला आहे. चष्मा नको म्हणून एप्रिलच्या शेवटी लॅसिक करायचं ठरवून राहिलो. आई म्हणते उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये. खरं आहे का?

उत्तर: बेटा, आईचं कारण बरोबर नाही पण आईचा सल्ला बरोबर आहे. उन्हाळ्यात लॅसिक करायला हरकत नाही, ऑपरेशन थिएटरला ऊन लागत नाही. हरकत आहे ती लग्नाची. पहिले एक-दोन आठवडे डोळ्यात पाणी, साबण, मेकअप काही जायला नको असतं आणि तुझी त्यात हळद आहे, काजळ-आयलायनर आहे, अक्षता आहेत, रात्रभर जागरण आहे, पाहुण्यांच्या घरात दोन-दोन कूलर चालू आहेत. हळदीचा हात चेहऱ्यावरून फिरवताना कुणी डोळा बघत नाही. वर नव्या फ्लॅपला चुकून कुणाचं बोट लागलं तर लग्नाच्या आदल्या दिवशी तू थिएटरमधे असशील. फेब्रुवारीत करून घे किंवा लग्नानंतर कर, निवांत.

कूलरचं म्हणशील तर ऑपरेशनच्या आधीच त्याचं जुनं गवत बदलून टाकी धुवून घ्यायची, आणि हवेचा झोत तोंडावर घेऊन झोपायचं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात डोळा तसाही कोरडा पडतो आणि लॅसिकनंतर काही महिने तो जास्तच कोरडा असतो. अजून एक, लॅसिकमधे बुबुळाच्या नसा कापल्या जातात आणि डोळ्याची संवेदना परत यायला सहा महिने-वर्ष लागतं, तोवर डोळ्याला कमी कळतं. म्हणजे काहीतरी बिघडलं तरी दुखेलच असं नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं धरायचं नाही, एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचून बघायचं, कालच्यापेक्षा धूसर वाटलं तर लगेच दाखवायचं.

आणि तुझ्या घरी शेतीचं काम, कबड्डी, कराटे असं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. फ्लॅप न करता वरून लेझर मारायची पीआरके पद्धत आहे, छोट्या चिरेतून करायची स्माइल आहे, तुझ्या बुबुळाच्या जाडीवर काय जमेल ते तपासून ठरवता येतं.

प्रश्न: मुलीचं लॅसिक होऊन दोन महिने झाले. तेव्हा दिलेला एक ड्रॉप ती अजून टाकते, टाकला की डोळा मोकळा वाटतो म्हणते. मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देतो. चालेल का? — एक वडील, त्रिमूर्ती नगर

उत्तर: भाऊ, चालणार नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन, बीटामेथासोन यातलं काही लिहिलंय का ते आजच बघा. लॅसिकनंतर हे थोडेच दिवस देतात, बहुतेक आठवडा-दोन आठवडे, आणि मग बंद. दोन महिने चालू राहिलं तर एक म्हणजे वर सांगितलेली बुरशी, आणि दुसरं म्हणजे डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू. त्यातही लॅसिकमुळे बुबुळ पातळ झालेलं असतं, त्यामुळे मशीनवर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, तपासणाऱ्याला लॅसिक माहीत नसेल तर वाढलेलं प्रेशरसुद्धा नॉर्मल वाटू शकतं. मुलीला घेऊन या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि इतके दिवस चाललेला ड्रॉप मनाने एकदम बंद करायचा की हळूहळू, तेही त्यांनाच ठरवू द्या. कोरडेपणासाठी साधे ल्युब्रिकंट ड्रॉप मिळतात, ते ती बिनधास्त टाकू शकते.

लॅसिकचा जुना रिपोर्ट आणि आधीचा नंबर असलेला कागद जपून ठेवा, फोटो काढून मोबाईलमधेही ठेवा. पुढे कधी मोतीबिंदू झाला तर लेन्सचा नंबर काढताना तो कागद लागतो.

प्रश्न: डोळा लाल झाला तर गुलाबजल, मध किंवा आईचं दूध टाकलं तर चालतं का? — एक वाचक, महाल

उत्तर: नाही. तिन्ही निर्जंतुक नसतात. कचरा गेला असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळा चोळू नका, बास.

प्रश्न: माझं लॅसिक झालंय, नेत्रदानाचा फॉर्म भरता येईल का?

उत्तर: जरूर भरा. पूर्ण जाडीचं बुबुळ बदलायला लॅसिक झालेलं बुबुळ सहसा वापरत नाहीत, पण आतला थर चांगला असेल तर तेवढाच दुसऱ्या पेशंटला बसवता येतो. लॅसिक झाल्याचं घरच्यांना सांगून ठेवा, मृत्यूनंतर त्यांनी लगेच आयबँकेला फोन केला पाहिजे, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि टीम येईल तेव्हा लॅसिकचं सांगितलं पाहिजे.

प्रश्न: माझं इतवारी भागात मेडिकल स्टोअर आहे. रोज कुणीतरी लाल डोळा घेऊन येतं आणि ड्रॉप मागतं. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हापासून तर लोक नावानिशी मागतात. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात. आम्ही काय करावं?

उत्तर: भाऊ, तुम्ही हे विचारलं याचा मला खरंच आनंद झाला, कारण लाल डोळा डॉक्टरच्या आधी तुमच्या काउंटरवर येतो. स्टिरॉइडचे ड्रॉप शेड्यूल एच मधे आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचेच नाहीत, आणि अँटिबायोटिकसोबतच्या जोडीच्या बाटल्याही त्यात आल्या. हे तुम्हाला माहीत आहे, मी फक्त गिऱ्हाईकाशी काय बोलायचं ते सांगते. त्याला विचारा की डोळ्याला काही लागलं का, काडी, फांदी, भुसा, वेल्डिंग. विचारा कॉन्टॅक्ट लेन्स लावता का, आणि लॅसिक झालंय का, दहा वर्षांपूर्वी झालं असलं तरी. विचारा धूसर दिसतं का, उजेडाचा त्रास होतो का. मग दुकानातल्या उजेडात बुबुळाकडे बघा, काळ्या भागावर पांढरट ठिपका असेल तर एकही ड्रॉप न देता सरळ पाठवा, मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स, कुठेही डोळ्यांच्या विभागात. एकाही प्रश्नाला हो आलं तरी तेच. साथीचे डोळे बहुतेक दोन्हीकडे येतात, चिपड धरतात आणि नजर स्वच्छ राहते, एकच डोळा लाल असून धूसर दिसत असेल तर ती साथ समजू नका.

पुढच्या दुकानात जातात हे खरं आहे. पण ‘हा ड्रॉप तुमच्या डोळ्यात बुरशी वाढवू शकतो’ असं स्पष्ट सांगितलं की बरेच जण थांबतात, निदान घरी जाऊन बायकोला सांगतात आणि ती त्यांना दवाखान्यात नेते. आणि एक मागणं आहे, नॅटामायसिनच्या चार-दोन बाटल्या नेहमी दुकानात ठेवत जा. खप कमी असतो म्हणून बरेच जण ठेवत नाहीत, आणि बाहेरगावाहून आलेला पेशंट चिठ्ठी घेऊन रात्री मेडिकल चौकापासून बर्डीपर्यंत दुकानं शोधत फिरतो, ज्याला ते दर तासाला टाकायचं असतं.